बसल्या जागचं जळण

६ जानेवारी

युनियनची डायरी यंदाही फुकटात आली. दरवर्षी मी ती आमच्या पोरीले, रितिकाले देतो, पोट्टी तिच्यात मेंदीची नक्षी काढत बसते. यंदा मीच ठेवून घेतली. डोक्यात जे गरगर फिरून राहिलं ते कोणाजवळ ओकायचं? कामिनीजवळ त अजिबात नाही.

गोठ अशी आहे. कामिनी माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. हप्त्यातून तीनदा तिले खापरखेड्याहून नागपूरले डायलिसिसले न्यावं लागते. त्यासाठी हातात जी नस बनवून देते, त्यातली एक आधीच बंद पडली. दुसरीवर काम चालू आहे, आन् ती किती दिवस साथ देईन हे कोणी छातीठोक सांगत नाही. तिच्या माहेरी सगळ्याइले शुगर, म्हणून तिकडून कोणी किडनी देऊ शकत नाही. उरलो मी. माझा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही जुळल्या. काल मी त पेढ्याच्या दुकानासमोर गाडी लावलीच होती.

आज किडनीवाल्या मोठ्या डॉक्टरनं सगळ्यावर पाणी फेरलं. "सत्त्याण्णव किलो वजन आहे तुमचं," म्हणे. "पंच्याऐंशीच्या खाली या, मग बोलू. एक किडनी काढली की उरलेल्या एकीला हा सगळा देह आयुष्यभर सांभाळायचाय. एकाला बरं करताना दुसऱ्याला आजारी पाडणं मला जमणार नाही."

मे संपेपर्यंत वेळ दिला. आता बोला! बायको झिजून राहिली आन् मले वजनकाट्यावर उभं केलं. बाहेर येऊन कामिनीले सांगितलं त ती शांतपणे म्हणे, "जाऊ द्या नं. नाही होत त नाही होत." मी भर पार्किंगमधी खेकसलो तिच्यावर. काहून नाही होत? मी काय लहान लेकरू आहो, तोंड आवरता येत नाही?

९ जानेवारी

मोठ्या डॉक्टरनं मले त्याच दवाखान्यातल्या डॉक्टर स्वानंदकडे धाडलं. धरमपेठेतला माणूस, वयानं लहान, बोलणं एकदम साफ. तो जादा वजनाच्या लोकांवर अभ्यास करून राहिला. नुसतं पडल्या पडल्या अंग किती जाळते, आन् पोटातून-आतड्यातून निघणारी हार्मोन्स भुकेचं काय करते, हे पाहते तो. ऑपरेशनच्या आधी वजन उतरवणाऱ्यांची तीनदा तपासणी करते. सुरुवातीले, मधात आन् शेवटी.

आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. सकाळी खाटेवर निजवलं आन् डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकची टोपली झाकली, आपण कोंबडीचे पिल्लं झाकतो तशी. "काही करू नका. झोपूही नका. नुसते पडा." ह्याच्यापेक्षा कठीण काम मले आजवर कोणी सांगितलं नाही. लगेच नाकाले खाज सुटली. पाय वळवळून राहिले. टोपलीतून नळी मशीनले गेली होती, ती माझा श्वास मोजे. किती ऑक्सिजन घेतला त्यावरून किती जाळलं ते कळते.

मी म्हटलं, "हे त आमच्या पॉवर हाऊससारखं झालं. बाहेर एक युनिट वीज नाही दिली तरी पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या फिरवायलेच प्लांट स्वतःची वीज खाते." स्वानंद खूश झाला. "अगदी तेच. तुमचा बसल्या जागचा खर्च दिवसाला अठराशे कॅलरींच्या आसपास आहे. तुमच्या देहाला जेवढा असायला हवा तेवढाच."

मले वाईट वाटलं. मी समजून होतो का आपली मशीन मंद निघंन, मग सगळ्याइच्या तोंडावर फेकायले एक कारण राहीन. कारण हातचं गेलं.

मग हातात सुई ठेवून रक्त घेतलं, मोजकं खायले दिलं, पुन्हा रक्त, पुन्हा रक्त. जठरातून एक हार्मोन निघते, ते डोक्याले सांगते 'आण'. आतड्यातून दोन-तीन निघते, ते सांगते 'बस'. जाड माणसात बरेचदा 'आण'वालं जेवल्यावरही पाहिजे तसं खाली बसत नाही, आन् 'बस'वालं ढेपाळते. मी म्हटलं, "म्हणजे माझं पोट खोटं बोलते?" म्हणे, "खोटं नाही, हट्टी आहे. आणि वजन खरंच उतरायला लागलं की आणखी हट्ट करतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते जळण कमी करतं आणि भुकेचं हार्मोन वर चढतं. त्या वेळी त्रास होईल, सुशीलराव."

टीव्हीवर वजन उतरवायच्या इंजेक्शनाचं पाहिलं होतं, तेही विचारलं. तो म्हणे मोठ्या डॉक्टरांना किडनी देणाऱ्यावर घाईनं नकोय. म्हणजे हाताले राहिली फक्त भूक.

१४ जानेवारी

स्वानंदनं रोजचं चौदाशे कॅलरींचं खाणं बांधून दिलं. सकाळी बिनसाखरेचा दलिया, दुपारी-संध्याकाळी दीड भाकर, पालेभाजी, वाटीभर वरण, ताक. तळलेलं बंद, गोड बंद. कॉलनीच्या गेटवर तर्री-पोह्याचा ठेला आहे, त्याच्या समोरून मी सासऱ्यासमोरून नवी सून जाते तसा खाली मान घालून जातो.

आज संक्रांत. शोभाताई, माझी मोठी बहीण, भिवापूरहून आली. एका हातात मिरच्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा ह्या एवढा डबा. मी म्हटलं, ताई, मले बंद आहे. ती भडकलीच. "कोण म्हणते बंद? अंगातलं काढून द्यायचं त अंगात आधी काही पाहिजे का नाही? आमच्याकडे गाय आटली त तिले ढेप घालते, उपाशी नाही बांधून ठेवत!"

आता काय सांगू हिले. कॉलनीतही हेच. किडनी देणार म्हटल्यावर जो तो घरी बदाम धाडून राहिला, जसा मी कुस्तीले चाललो. कामिनीनं मुकाट्यानं डबा घेतला. "याइले नाही देत मी, ताई. पण तुमी एवढं केलं, त असू द्या घरात."

जेवण कसं मस्त झालं! सणाची म्हणून तिळाची भाकर, चिमूटभर तीळ चालते म्हणे. मऊ, लुसलुशीत. पालकाची पातळ भाजी, तेलाचा तवंग कुठं दिसत नाही, तरी बोटं चाटली मी. एवढ्या दुखण्यात उभी राहून बाई रांधते. मी म्हटलं, भाकरी मी थापतो, त अशी डोळे वटारून पाहे का मी गप बाहेर आलो. तिच्या ओट्याजवळ पुरुषमाणसाचं काम नाही.

२ फेब्रुवारी

काट्यावर साडेशहाण्णव. अर्धा किलो! तोही बहुतेक चपला काढून चढलो म्हणून.

मी काय चुकून राहिलो? ड्युटीवरून आलो का कॉलनीले चक्कर मारतो. मैदानाजवळ बसलेले रिटायर लोक आता मले पाहून घड्याळ लावते. घरी बसवत नाही. खुर्चीवर बसलो त उठावंसं वाटते, उठलो त कुठं जाऊ कळत नाही. मे महिना डोक्यावर बसून आहे आन् काटा जागचा हलून नाही राहिला.

एक मात्र खरं, मले वाटलं होतं तेवढी भूक लागत नाही. स्वानंदनं उगाच घाबरवलं. दलियासुद्धा बिनसाखरेचा गोडसर लागते. कामिनी म्हणे, गव्हाचीच गोडी आहे ती, तुमाले आतापर्यंत साखरेच्या खाली लागली नाही. असंन.

आज ती फोनवर रितिकाले घरपट्टी, गॅस, लाइटबिल कसं भरायचं ते समजावून सांगे. पोट्टी होस्टेलवर राहते, तिले कशाले पाहिजे हे सगळं? मी म्हटलं, मी आहो नं. कामिनी म्हणे, "तुमाले कुठं येते? तुमी त गॅसच्या नंबरसाठीही मले हाक मारता."

९ फेब्रुवारी

रितिका रविवार म्हणून घरी आली. स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, दाण्याचं कूट संपलं? मागच्या वेळी मी स्वतः डबाभर करून गेली होती. तुले दाणे बंद, बाबाले बंद. खाऊन कोण राहिलं?"

कामिनी म्हणे, "उंदीर झाले असतीन."

"खाऊन झाकणही लावून ठेवत असतीन ते," रितिका म्हणे. पोट्टीची जीभ मोठी झाली.

मी लगेच बाजारातून पिंजरा आणला. भाकरीचा तुकडा लावून ओट्याखाली ठेवला. कामिनी पिंजऱ्याकडे अन् माझ्याकडे पाहत राहिली आन् मग तोंडाले पदर लावून आत गेली. हसली असंन. खूप दिवसांनी हसली.

२० फेब्रुवारी

माझं डोकं सणकलं आहे. अक्षर कोणाले लागणार नाही.

दुसरी तपासणी झाली. सुया मागच्या हप्त्यातच टोचल्या, आज पुन्हा टोपली. वजन शहाण्णवच्या वर. आज स्वानंदनं कागद पुढं ठेवले आन् गोड आवाजात म्हणे, "सुशीलराव, तुम्ही चौदाशे खाताय असं सांगता. बसल्या जागी तुम्ही अठराशे जाळता, वर ड्युटी, वर चालणं. दीड महिन्यात पाच किलो तरी उतरायला हवे होते. बरं, अंगानं जळण कमी केलं असेल म्हणावं, तर तेही नाही. जानेवारीत होतं तेवढंच आहे. भुकेचं हार्मोनही जागचं हललेलं नाही. उपाशी राहणाऱ्याचं रक्त असं नसतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कुठूनतरी जास्त जातंय. रागावू नका. सगळ्यांचंच होतं, लक्षात येत नाही."

मी उभाच झालो. "मी चोर आहो काय? माझी बायको वर डायलिसिसच्या खाटेवर पडून आहे आन् मी चोरून खाईन? तुमची मशीन तपासून घ्या आधी!" बाहेरचे पेशंट आत डोकावून राहिले होते. स्वानंदनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो मी घेतला नाही.

इथं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. तपासणीनंतर दवाखान्याबाहेर एक प्लेट तर्री-पोहे खाल्ले मी. रागातच खाल्ले. पण बाप्पा, ते आज! आजच्या प्लेटीनं मागचा दीड महिना कसा वाया जाईन?

२३ फेब्रुवारी

मले माझाच भरवसा नाही राहिला. आज कामिनीले विचारलं, "खरं सांग, मी झोपेत उठून खातो काय वं? असं राहते म्हणे काही लोकाइचं. उठते, फ्रिज उघडते, खाते, आन् सकाळी त्याइले काही आठवत नाही."

आधी ती खळखळून हसली. मग हसता हसता रडायले लागली. मी घाबरलो. पाठीवर हात ठेवला त म्हणे, "तुमी नाही खात झोपेत. तुमी काहीच नाही केलं. तुमी एवढं मनाले नका लावून घेऊ."

डायलिसिसनं माणूस हळवा होते म्हणते. मी तिले जवळ घेतलं. तिचा हात पाहिला, नसेवर ती घरघर लागते बोटाले, तीच तिची जिवंत असल्याची खूण. बोटाखाली आज जरा मंद लागली. का मलेच तसं वाटलं?

२८ फेब्रुवारी

ड्युटीवर वेगळंच झालं. बॉयलरले कोळसा नेणाऱ्या बेल्टच्या काट्यावर कोळसा कमी दिसे आन् वाफ पूर्ण निघे. नवीन ऑपरेटर अंकित म्हणे, "सर, बॉयलर सुधारला." मी म्हटलं, "अबे भैताडा, बॉयलर कधी फुकटात सुधारत नाही. वाफ निघून राहिली म्हणजे कोळसा पडून राहिला. जिकडं तू मोजून नाही राहिला, तिकडून पडून राहिला. जा, पाहून ये." निघालंच. ज्याच्यावर काटा नाही त्या दुसऱ्या बेल्टचा गेट अर्धा उघडा. अख्ख्या शिफ्टमधी माझी वाहवा झाली.

घरी येऊन काट्यावर चढलो. शहाण्णव. मग सगळा दिवस तोंड कडू.

७ मार्च

परवा कामिनीले श्वास लागला. आडवी पडली का घुसमटे, उठवून बसवली तरी तोंड उघडं. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. गाडी कशी चालवली मलेच माहीत. भरती केलं, डायलिसिस केलं, पाणी काढलं, आता बोलून राहिली. पण नस खरंच मंदावली. मोठे डॉक्टर म्हणे, "ही फार दिवस चालणार नाही. मग गळ्यातून नळी, आणि त्यात इन्फेक्शनची भीती. तुम्ही लवकर काय ते करा."

काय करू? काय करू सांगा मले!

स्वानंद वार्डात आला. मी तोंड फिरवलं. तो बाजूच्या स्टुलावर बसला. म्हणे, "तुम्ही इथेच आहात तर आठ दिवस आमच्याकडचे डबे खा. बाहेरचं काही नाही, घरचंही नाही. तेवढेच चौदाशे. मशीन खोटी आहे की नाही तेही कळेल." मी हो म्हटलं. कामिनी पलंगावरून म्हणे, "घरचं काहून नाही? रितिका करून आणीन नं." तिचा चेहरा एकदम उतरला. बाईले आपल्या हातच्या अन्नाचा अभिमान राहतेच.

११ मार्च

भूक! अरे बापा, भूक म्हणते ते हे काय!

डब्यात तेच, भाकर, पालेभाजी, वरण, ताक. दिसायले घरच्यासारखं. पण जेवून उठतो आन् पोटात कोणी खड्डा खोदून ठेवल्यासारखं वाटते. दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकानं संत्रं सोललं त माझे कान उभे झाले. सिस्टरवर ओरडलो, लिफ्टमनवर ओरडलो. ताक म्हणजे नुसतं पांढरं पाणी. घरचं ताक कसं दाट, चमचा उभा राहीन असं.

काटा हलला. चौऱ्याण्णव. स्वानंद म्हणे ह्यात बरंचसं पाणीच असतं, पण सुरुवात झाली.

१५ मार्च

कामिनी कालपासून घरी. डबे संपले. आज सकाळी ड्युटीवर कंट्रोल रूममधी बसलो होतो, डोक्यात त्या दाट ताकाचा विचार. तेच चौदाशे. तीच भाकर. तिथं भूक लागते, घरी लागत नाही. तिथं काटा हलते, घरी हलत नाही.

अन् मग समोर बेल्टच्या काट्यावरचा आकडा दिसला. मी खुर्चीवरून उठलो. दुसरा गेट!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. कामिनी ओट्याशी पाठमोरी. परातीत ज्वारीचं पीठ, बाजूला वाटीत साय, कूट. ती वाटी पिठात उलटी करून राहिली होती. मले पाहून हात थांबला, पण वाटी लपवली नाही तिनं.

मी म्हटलं, "हे काय आहे वं?"

"दिसून नाही राहिलं काय?" ती म्हणे. "घातलं. रोज घातलं. भाकरीत साय, भाजीत कूट, ताक म्हणून मलईचं दही. ताईचे लाडूही दलियात कुस्करून घातले. तुमचं पंच्याऐंशी होऊ नये म्हणून घातलं."

दोन महिने मी त्या स्वानंदले, त्याच्या मशीनले, माझ्या पोटाले शिव्या घालून राहिलो. झोपेत खातो का म्हणून विचारत बसलो. उंदराचा पिंजरा लावला! मी परात उचलून आपटणारच होतो.

"काहून पण? काहून असं केलं?"

"तिथं खाटेवर पडल्या पडल्या पाहते मी. बाजूच्या खाटेवरच्या बाईले नवऱ्यानं दिली. दोन वर्षं चालली. आता ती परत डायलिसिसवर आन् तो बीपीच्या गोळ्यावर. मी गेली त रितिकाले बाप राहीन. तुमाले काही झालं त? अर्धी माय आन् अर्धा बाप घेऊन काय करीन पोट्टी? मले नाही पाहिजे तुमची किडनी. तोंडानं म्हटलं असतं त तुमी ऐकलं असतं काय? तुमाले ऐकता येते काय कोणाचं?"

"अन् तू गेली त मी काय करू वं ह्या दोन किडन्यांचं?" मी ओरडलो. "लोणचं घालू काय?"

ती हसली नाही. मीही नाही. दोघं स्वयंपाकघरात उभे राहून रडलो, ज्वारीचं पीठ तसंच परातीत.

३० मार्च

बोलणं बंद आहे. म्हणजे डायलिसिसले नेतो-आणतो, गोळ्या देतो, पण त्या गोठीवर ती बोलत नाही. मी माझं मीच रांधतो. माझ्या भाकरीचे नकाशे पाहून तिचा जीव तुटते, पण उठत नाही ती. किडनी घेईन असंही म्हणत नाही. तिनं मुंडी हलवल्याशिवाय मोठे डॉक्टर पुढं जाणार नाही, आन् मी काय तिले बांधून टेबलावर टाकू?

भूक सकाळी माझ्या आधी उठते. ड्युटीवर अंकितचा डबा उघडला का मी बाहेर जाऊन उभा राहतो. काल स्वप्नात सांबारवडी आली, तीही कोणीतरी दुसऱ्यानं खाल्ली. चिडचिड एवढी का रितिका फोन करायले घाबरते. मले रोज वाटते, सुशील्या, सोड. बायको नको म्हणून राहिली, पोट नको म्हणून राहिलं, तू कोणासाठी मरून राहिला? मग डायलिसिसच्या खाटेवर तिच्या हातात सुई जाताना पाहतो आन् विचार तिथंच संपते.

काटा ब्याण्णववर.

१८ एप्रिल

तिसरी तपासणी. घरी एकटी ठेवायचा भेव वाटते म्हणून कामिनीले सोबत नेलं. ती खोलीच्या कोपऱ्यात बसली. मी टोपलीखाली पडून राहिलो. ह्या वेळी नाकाले खाज नाही, काही नाही. अंगात वळवळायची ताकदच नव्हती.

दुपारी स्वानंदनं दोघांना समोर बसवलं. रक्ताचा रिपोर्ट मागच्या हप्त्यात घेतलेल्या रक्ताचा होता. वजन एक्क्याण्णव. म्हणे, "बसल्या जागचं जळण उतरलंय. वजनाच्या हिशेबानं जेवढं उतरायला हवं त्याहून बरंच जास्त. शरीर काटकसर करतंय. आणि भुकेचं हार्मोन पाहा, कुठं गेलंय." मग उठून त्यानं माझा हात हातात घेतला. "मागच्या वेळी मी तुम्हाला बोललो. माफ करा."

मी कामिनीकडं पाहिलं नाही. काय घडलं ते त्याले सांगितलंही नाही. घरातली गोठ घरात.

कामिनीनंच विचारलं, "म्हणजे याइले खरंच भूक लागते? रोज? मनाची नाही?"

"रक्तात दिसतेय, ताई. जेवण झाल्यावरही लागते."

"अन् ही कमी कधी होईन?"

स्वानंदनं खोटं नाही सांगितलं. "लवकर नाही. वजन उतरवलेल्या लोकांत वर्षभरानंतरही चढलेली दिसते. हे तिच्याशी भांडत भांडतच पुढचे सहा किलो उतरवणार, आणि नंतरही सांभाळणार."

ती कागदावरच्या त्या रेषेकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत तिनं मले असं पाहिलं नव्हतं. मले लाज वाटली, जसं कोणी माझं पोट उघडून तिले दाखवलं.

वर मोठ्या डॉक्टरनं तिले सरळ विचारलं, "तुमचं काय ते सांगा आता. घेणार की नाही?" ती म्हणे, "सांगते." गाडीत खापरखेड्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहे.

१९ एप्रिल

संध्याकाळी ड्युटीवरून आलो त घरात भाकरीचा वास. कामिनी ओट्याशी उभी. मी दारातच थांबलो. ती म्हणे, "या इकडं. उभे राहा. पाहा." परातीत नुसतं पीठ, तांब्यात नुसतं पाणी. माझ्यासमोर मळलं, माझ्यासमोर थापलं. साय नाही, कूट नाही. भाजीची कढई मीच चमच्यानं ढवळून पाहिली, तिनं पाहू दिली.

दीड भाकर वाढली. अंबाडीची भाजी, वरण, पाण्यासारखं ताक. मी हळूहळू खाल्लं, तरी संपलंच. ती समोर बसून होती. टोपल्यात अजून तीन भाकरी होत्या, गरम, वरून वाफ निघून राहिली. त्याइच्यावरून माझी नजर हटेना. मी विचारलं, "डॉक्टरले काय सांगायचं ठरवलं?" ती माझ्या ताटाकडं पाहत राहिली. ताट चाटूनपुसून झालं, तरी मी उठलो नाही.

शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "कामिनी, भूक लागली वं अजून."

तिचा हात टोपल्याकडं गेला. डोळे भरून आले तिचे. मले वाटलं, देते आता.

"लागू द्या," ती म्हणाली, आन् टोपलं उचलून आत घेऊन गेली.